मित्रांसोबत पहिली अर्बन ॲडव्हेंचर रेस: नवी मुंबईकरांसाठी नावनोंदणीपासून निकालापर्यंत

अर्बन ॲडव्हेंचर रेस म्हणजे शहरातच होणारी टीमची शर्यत. सुरुवातीला हातात नकाशा आणि काही कोडी मिळतात. शहरभर विखुरलेले चेकपॉइंट शोधायचे, आणि तिथे पोचायला पळणं, चालणं, सायकल, कधी लोकल किंवा बस, जे नियमात बसतं ते वापरायचं. अधूनमधून एखादं टास्क येतं: दोरावरून उतरणं, कोडं सोडवणं, सगळ्यांनी मिळून काहीतरी उचलून नेणं. डोंगर-जंगलात कित्येक दिवस चालणाऱ्या ॲडव्हेंचर रेसचं हे शहरी, काही तासांत संपणारं रूप. मॅरेथॉनसारखा आखून दिलेला मार्ग इथे नसतो. कुठून जायचं हे प्रत्येक टीम स्वतः ठरवते.

आम्ही नेरूळ-सानपाड्याची मित्रमंडळी या खेळात पडलो तेव्हा मराठीत सरळ सांगणारं काही सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. नव्या टीमना पाहून माझं एक मत पक्कं झालंय. दम कमी पडल्यामुळे फारच थोड्या टीम मागे पडतात. बहुतेक जण अडकतात ते नीट न वाचलेल्या फॉर्मवर, अर्धवट वाचलेल्या नियमांवर आणि आपापसांत न बोललेल्या गोष्टींवर. त्यामुळे या लेखात पळण्यापेक्षा आधीच्या तयारीबद्दल जास्त आहे.

१. शर्यत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

पोस्टरवर सगळ्या शर्यती सारख्याच दिसतात. आत दोन वेगळे खेळ असतात.

एक, ठरलेल्या क्रमाची शर्यत. चेकपॉइंट १, मग २, मग ३, असं सगळ्यांनी एकाच क्रमाने जायचं आणि जो आधी पोचेल तो पुढे. यात मधल्या टप्प्यांवर कट-ऑफ असतो. ठरलेल्या वेळेत तिथे पोचला नाहीत तर तुमची शर्यत तिथेच थांबते.

दुसरी, गुणांची शर्यत. नकाशावर भरपूर चेकपॉइंट असतात, प्रत्येकाला गुण असतात, लांबच्या आणि अवघड ठिकाणांना जास्त. ठरलेल्या तासांत जमतील तेवढे गोळा करून परत यायचं. उशीर झाला की मिनिटामागे गुण कापले जातात. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सुरू झालेल्या रोगेनिंग या खेळात हीच पद्धत आहे.

पहिल्या वेळी गुणांचीच शर्यत घ्या, असं मी ठामपणे सांगेन. टीम हळू असली तरी जवळची ठिकाणं करून वेळेत परतता येतं, आणि कुणाचा पाय दुखावला तर योजना बदलता येते.

प्रकार कळला की माहितीपत्रकात पुढची उत्तरं शोधा: एकूण वेळ किती, सायकल आपली आणायची की मिळणार, लोकल-बस चालते का, पाण्यातलं किंवा उंचीवरचं टास्क आहे का, फोनवरचा नकाशा वापरता येतो की फोन पाकिटात सील करून ठेवायचा, टीममध्ये कमीत कमी किती जण आणि मुलीमुलांच्या संख्येची अट आहे का. यातलं काही लिहिलेलं नसेल तर आयोजकांना मेल करा. उत्तर लेखी घ्या.

त्याच मेलमध्ये आणखी तीन गोष्टी विचारायला संकोचू नका: पोलीस आणि महापालिकेची परवानगी आहे का, रुग्णवाहिका कुठे उभी असेल, आणि सहभागींचा अपघात विमा काढला आहे का. चांगले आयोजक लगेच उत्तर देतात. उत्तर टाळलं जात असेल, किंवा पावतीशिवाय कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले जात असतील, तर ती शर्यत सोडून द्या.

२. पैसे भरण्याआधी टीमची बैठक घ्या

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर टाकलं की अर्ध्या तासात दहा अंगठे येतात. अंगठा म्हणजे होकार धरू नका. टीम चौघांची धरली, तर त्या चौघांना एका ठिकाणी बसवा, चहा मागवा आणि पुढचे विषय मोकळेपणाने काढा.

पहिला विषय, आपण कशासाठी जातोय? एकाला पहिल्या दहांत यायचं असतं आणि दुसऱ्याला मित्रांबरोबर दिवस घालवायचा असतो. दोन्ही रास्त आहे, पण एका टीममध्ये दोन्ही एकत्र आले की तिसऱ्या तासाला आवाज चढतात. जवळजवळ सगळ्या शर्यतींत टीमने एकत्र राहण्याची सक्ती असते, एकमेकांपासून किती मीटरच्या आत राहायचं हेही लिहिलेलं असतं. म्हणजे टीमचा वेग हा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग. हे ज्याला मनापासून मान्य आहे त्यालाच घ्या, मग तो कितीही जोरात पळो.

दुसरा विषय, शरीर. गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा, मधुमेह, रक्तदाब, उंचीची भीती, पोहता येतं का, सायकल शेवटची कधी चालवली. मित्रांमध्ये या गोष्टी चेष्टेत जातात, म्हणून विचारणाऱ्याने गंभीरपणे विचारावं आणि ऐकणाऱ्यांनी कुणाला लाजवू नये. आमच्यातल्या एका मैत्रिणीने बैठकीतच सांगितलं होतं की उंचावरून खाली बघवत नाही. मग दोराचं टास्क कुणी करायचं हे आधीच ठरलं आणि त्या दिवशी तिच्यावर कसलंच दडपण राहिलं नाही.

तिसरा विषय, थांबायचं कधी. कुणालाही चक्कर, उलटी, छातीत दुखणं असं काही झालं की टीम थांबेल, आणि त्यावर मतदान होणार नाही. हे आधी बोललेलं असलं की त्या दिवशी कुणी "मी ठीक आहे" म्हणत खेचत राहत नाही.

चौथा, तारीख. दसरा-दिवाळी, लग्नं, परीक्षा, ऑफिसची वर्षअखेर, सगळं कॅलेंडरवर पाहा. मग प्रत्येकाकडून प्रवेश शुल्क तिथेच गोळा करा. पैसे दिलेला माणूस सहसा येतो.

एक राखीव मित्रही ठरवून ठेवा, आणि नाव बदलण्याची शेवटची तारीख कोणती ते त्याला सांगून ठेवा.

३. फॉर्म: कागद आणि सापळे

फॉर्म एकानेच भरावा, पण सगळ्यांची माहिती समोर ठेवून. लागणाऱ्या गोष्टी:

- प्रत्येकाचं फोटो असलेलं ओळखपत्र. आधार अपलोड करायचं असेल तर मास्क्ड आधार वापरा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.
- जन्मतारीख आणि ओळखपत्रावर आहे अगदी तसंच नाव.
- रक्तगट. अंदाजाने लिहू नका, जुना रिपोर्ट काढून बघा.
- अठरा वर्षांखालील कुणी असेल तर पालकांच्या सहीचं संमतीपत्र.
- मागितलं असेल तर डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र. ते किती जुनं चालतं हेही बघा.
- आपत्कालीन संपर्क.

या शेवटच्या रकान्यावर थोडं थांबते. चार मित्र फॉर्म भरतात तेव्हा हात आपोआप एकमेकांचे नंबर लिहितो. पण तो मित्र तुमच्याबरोबरच धावत असणार, त्याचा फोन सील केलेल्या पाकिटात असणार. नंबर अशा माणसाचा द्या जो त्या दिवशी घरी आहे, अनोळखी नंबरचा फोन उचलतो आणि तुमचे आजार, ॲलर्जी, औषधं ज्याला माहीत आहेत. नवराबायको दोघं एकाच टीममध्ये असाल तर आई-वडील किंवा भावंडाचा नंबर द्या आणि त्यांना तसं सांगून ठेवा.

जबाबदारीपत्रावर सही करायच्या आधी ते पूर्ण वाचा. इंग्रजीत असेल आणि एखादं कलम कळलं नाही तर विचारा. दुखापतीचा खर्च कोण करणार, फोटो-व्हिडिओ जाहिरातीत वापरले जाणार का, पावसामुळे शर्यत रद्द झाली तर पैशांचं काय, हे सगळं त्यातच असतं.

बाकीचे सापळे लहान आहेत, पण त्रास देतात. शुल्क 'प्रति व्यक्ती' आहे की 'प्रति टीम' ते तपासा. जीएसटी आणि पेमेंटचे जादा पैसे शेवटच्या पानावर जोडले जातात. पेमेंट अडकलं आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी मेल आणि बँकेचा मेसेज बघा, मग आयोजकांना व्यवहार क्रमांक पाठवा. कन्फर्मेशनचा मेल चौघांकडे फॉरवर्ड करा आणि एक छापील प्रत काढा.

४. नियमावली मोठ्याने वाचा

खरंच मोठ्याने. एकाने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. चेकपॉइंटवर पोचल्याचा पुरावा काय? कार्डावर पंचने पाडलेलं छिद्र, सही, क्यूआर कोड की सगळ्यांचा एकत्र फोटो? फोटो असेल तर चारही चेहरे दिसायला हवेत का, आणि मग फोटो काढणार कोण? रस्त्यावरच्या माणसाला विचारलेलं चालतं का? रिक्षा चालत नाही हे बहुतेक ठिकाणी स्पष्ट असतं. ओळखीच्याच्या स्कूटरवरून लिफ्ट घेणंही त्यातच आलं.

५. आपलं शहर नकाशावर नव्याने वाचा

नवी मुंबईत राहणाऱ्यांना वाटतं, आपलंच शहर आहे, कुठे चुकणार? पण आपण शहर ओळखतो ते घर, स्टेशन आणि मार्केट एवढ्यापुरतं. नकाशा हातात आला की मोठ्या गोष्टी समोर येतात.

सेक्टर. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ अशा वेगवेगळ्या भागांत वसवलं आणि प्रत्येक नोडने आपले सेक्टर एकपासून मोजले. सेक्टर १५ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापूरला आहे आणि खारघरलाही आहे. कोड्यात नुसता सेक्टर आला तर नोड कोणता हे आधी ठरवा, मग पाय उचला. शिवाय १४ च्या शेजारी १५ असेलच असं नाही.

गावठाणं. सेक्टरच्या सरळ रस्त्यांच्या मधोमध करावे, दारावे, सारसोळे, जुहूगाव, दिवाळे अशी आगरी-कोळ्यांची मूळ गावं आहेत. तिथल्या गल्ल्या वळणावळणाच्या, खुणा म्हणजे देऊळ, तळं, मासळी बाजार. कोडी रचणाऱ्यांना ही ठिकाणं आवडतात. गल्लीत धावत घुसू नका, लोकांची ओटी-अंगणं रस्त्यालाच लागून असतात. चालत जा, आणि नियमात बसत असेल तर ओट्यावर बसलेल्या आजींना विचारा. "मावशी, मरीआईचं देऊळ कुठे?" याचं उत्तर नकाशापेक्षा लवकर मिळतं.

अडथळे. वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. शहराला लांबलचक रेषा कापून जातात: रेल्वेमार्ग, ठाणे-बेलापूर रोड, सायन-पनवेल हायवे, पाम बीच रोड, नाले आणि खाडी. नकाशावर चेकपॉइंट दोन बोटांवर दिसतो, पण मधे रूळ असतात. रूळ ओलांडणं जिवावरचं आहेच, शिवाय रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे आणि शर्यतीतूनही बाद करतात. म्हणून सराव करताना ओलांडायच्या जागा पेन्सिलने खुणवा: स्टेशनचे सबवे, पादचारी पूल, सिग्नल. पाम बीच रोडवर गाड्या फार वेगात येतात. सिग्नलशिवाय तो ओलांडायचाच नाही, हा टीमचा नियम करा. हायवेवर सायकल घालू नका, आतल्या रस्त्याने वेळ जास्त लागला तरी चालेल.

खाडीच्या बाजूला खारफुटी आहे. जवळचा मार्ग म्हणून तिच्यात शिरू नका. चिखलात पाय मांडीपर्यंत जातो, आणि खारफुटी कायद्याने संरक्षित आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पाणथळ जागेजवळचं फोटोचं टास्क असेल तर आवाज न करता, रस्त्यावरूनच फोटो घ्या.

कोड्यांसाठी शहराची थोडी ओळख उपयोगी पडते. "पहिलं मराठी नाटक रंगभूमीवर आणणाऱ्याच्या नावाचं छप्पर" म्हटलं की वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह डोळ्यांसमोर यायला हवं. "१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी जिथे पोचली" म्हणजे ठाणे स्टेशन. मग लगेच हेही सुचायला हवं की ट्रान्स-हार्बर लोकलने जाऊन-येऊन किती वेळ लागेल आणि तेवढ्यासाठी ते गुण परवडतात का.

लोकल चालत असेल तर आणखी एक. या शर्यती बहुधा रविवारी असतात, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर कधी, कुठपर्यंत आहे, हे शनिवारी बघून चौघांनी लिहून घ्या. तिकिटाच्या रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून मोबाइल तिकिटाची सोय आधीच करून ठेवा. उपनगरी रेल्वेचं एक दिवसाचं टूरिस्ट तिकीटही मिळतं. फोन सील होणार असेल तर कागदी तिकीटच लागेल. एनएमएमटीच्या बससाठी सुटे पैसे ठेवा. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं तिकीट वेगळं.

६. सराव: थोडा, पण चौघांनी मिळून

महिना-दीड महिना पुरतो. रोज एकट्याने पळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चौघांनी एकत्र, पाठीवर तीच सॅक घेऊन निघा. आमचा आवडता सराव असा: ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून नेरूळ-बेलापूरचा नकाशा छापून घ्यायचा, फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाकायचे, आणि नेरूळ स्टेशनवरून निघून ज्वेल ऑफ नवी मुंबई ही बाग, करावे गावठाण, सीवूड्स-दारावे स्टेशन आणि किल्ले गावठाणातलं महापालिका मुख्यालय ही ठिकाणं गाठायची. क्रम आपणच ठरवायचा. पुढच्या वेळी उलट क्रमाने जाऊन कोणता बरा ते बघायचं.

नकाशाचं प्रमाण वाचायला शिका. १:२५,००० असेल तर नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. दोऱ्याचा तुकडा रस्त्याच्या वळणांवरून ठेवून मोजलं की खरं अंतर कळतं. टीमला एक किलोमीटर चालायला आणि हळू पळायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजून ठेवा. त्या दोन आकड्यांवरच शर्यतीतले सगळे हिशोब होतात.

चढाची सवय हवी असेल तर बेलापूरची पारसिक हिल चांगली. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याकडे सरावाला जाऊ नका, तिथे बंदी असते आणि ती जीव वाचवण्यासाठी आहे.

याच फेऱ्यांत कामं वाटून घ्या. नकाशा एकाकडे, घड्याळ दुसऱ्याकडे, चेकपॉइंटच्या नोंदींचं कार्ड आणि पैसे तिसऱ्याकडे. चौथा माणूस खाण्यापिण्यावर लक्ष ठेवतो: कोण गप्प झालंय, कुणी पाणी प्यायलेलं नाही. हे काम दुय्यम समजू नका. आमच्याकडे ते टीममधल्या सगळ्यात निरखून बघणाऱ्याला देतो.

७. सॅकमध्ये काय

आधी आयोजकांची सक्तीच्या सामानाची यादी, मग तुमची. सुरुवातीला तपासणी होते आणि एक शिट्टी नाही म्हणूनही वेळ कापतात.

आमच्या यादीत असतं: प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, नकाशासाठी पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, दोन पेन, मार्कर, शिट्टी, छोटी टॉर्च, क्रेप बँडेज, पट्ट्या, रोजची औषधं, टोपी, सनस्क्रीन, जादा मोजे, पेट्रोलियम जेली. सायकल असेल तर हेल्मेट, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान. आणि ट्यूब बदलता येणारा निदान एक जण.

नवी मुंबईचा दमटपणा हिवाळ्यातही घाम काढतो. सुती टी-शर्ट भिजून जड होतो आणि काखेत, मांडीत घासतो, म्हणून लवकर वाळणारे कपडे घाला आणि जिथे घासतं तिथे आधीच जेली लावा. शूज वापरून मऊ झालेलेच. पाकीट नसेल तर घरी ओआरएस करता येतं: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रमाण बदलू नका, जास्त मिठाने त्रास होतो.

मुलींसाठी खास: मार्गावरची स्टेशनं, मॉल आणि बागांमधली स्वच्छतागृहं नकाशावर आधीच खुणवून ठेवा. ती नसतील या भीतीने पाणी कमी पिणं हे शर्यतीतलं सगळ्यात धोक्याचं काम आहे.

८. आदला दिवस

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला चौघांना जावं लागतं की एक जण चालतो, हे विचारा. एकटा जाणार असेल तर बाकीच्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि सहीची चिठ्ठी न्या. बिबच्या मागे रक्तगट आणि आपत्कालीन नंबर तिथेच लिहा. जेवण नेहमीचंच: वरणभात, पोळीभाजी. झोप नाही आली तरी पडून राहा.

९. शर्यत सुरू झाल्यावर

नकाशा मिळाला की सगळे सुटतात, आणि ते बघून आपलेही पाय सुटतात. तुम्ही बाजूला थांबा. दहा-पंधरा मिनिटं नकाशा जमिनीवर पसरा, गुण लिहा, ओलांडायच्या जागा बघा, परतीचा मार्ग आधी ठरवा. कुठल्या ठिकाणाहून किती वाजता परत फिरायचं ती वेळ घड्याळवाल्याच्या हातावर मार्करने लिहा.

दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी आणि थोडं खाणं. चेकपॉइंट पंधरा मिनिटांत सापडला नाही तर सोडून पुढे जा. प्रत्येक ठिकाणाहून निघताना कार्डवालीने मोठ्याने सांगावं, "कार्ड माझ्याकडे आहे." सिग्नल पाळा, शहर आपल्या शर्यतीसाठी थांबलेलं नसतं. काही विपरीत घडलं तर आधी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, मग आयोजकांचा नंबर. त्यासाठी पाकिटाचं सील तोडावं लागलं तर तोडा. मध्येच शर्यत सोडलीत तरी फिनिशवर किंवा फोनवर तसं कळवाच, नाहीतर स्वयंसेवक अंधार पडेपर्यंत तुम्हाला शोधत राहतात.

फिनिशला पोचलात की चौघं एकत्र रेषा ओलांडा, कार्ड द्या आणि नोंदलेली वेळ आणि गुण तिथेच वाचून घ्या. कार्डचा फोटो काढून ठेवा. मोजणीत काही चुकलेलं वाटलं तर टेबलावरच्या माणसाला शांतपणे दाखवा आणि तक्रार लेखी द्या. तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी निकाल जाहीर होईपर्यंतच असते, त्यामुळे आंघोळीला आणि मिसळ खायला पळण्याआधी हे काम उरका.